उकळलेल्या वाटीचा सूड

"कसं येत नाही, पाहतेच मी," असं म्हणून ती दहाही बोटं कडाकडा मोडायची आणि स्टीलची वाटी छातीशी धरायची.

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात, ज्यांची बाळं काचेच्या पेटीत होती त्या बाळंतिणींसाठी दूध काढायची एक खोली होती. तिथे माझ्या शेजारच्या खुर्चीवर ही बसे. उमरेडच्या विणकरांच्या घरची सून. माझं बाळ इतकं लहान की डॉक्टर आधी चष्मा शोधत, मग त्याला. तिचं त्याहून लहान.

तुम्हीही पाहिल्या असतील अशा बायका. दुःख झालं की रडत नाहीत, कुणाला तरी दाताखाली धरतात. हिच्या दाताखाली सासू होती. ती बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आमच्या सुनेचा नळ कोरडा हाये जी." ते आत ऐकू येई आणि ही आणखी जोरात पिळायला लागे. दर दोन तासांनी, थेंब थेंब. चौथ्या दिवशी सिस्टरने सांगितलं, संध्याकाळपर्यंत आलं नाही तर डब्याचं सुरू करू, पण एवढ्याशा आतड्याला ते झेपेलच असं नाही.

त्या दुपारी तिने सासूला अशा शिव्या घातल्या की खोलीतला एसी, शपथेवर सांगते, लाजून बंद पडला. आणि दूध आलं. घट्ट, पिवळसर. वाटीचा तळ झाकला. आम्ही सहाजणी ते बघायला अशा उठलो, जणू अंबाझरी तलाव ओसंडून वाहतोय.

तिला भोवळ आली, म्हणून सिस्टरकडे द्यायची वाटी सासूच्या हातात गेली. सासू थेट खाली कँटीनमध्ये. परतली तेव्हा वाटीच्या तळाला नुसती करपलेली खरवड होती.

"कच्चं दूध कोणी पाजते का लेकराले?" ती म्हणाली. "उकळून आणलं."

सुनेने वाटी परत घेतली आणि घासून लख्ख केली. मला तिची खरी भीती तेव्हा वाटली. ती परत खुर्चीवर बसली, बोटं मोडली, आणि दिवेलागणीच्या आत वाटीचा तळ पुन्हा झाकला. या वेळी भिंत धरत धरत दूध स्वतः नेऊन दिलं. बाळ तरलं.

सूड मात्र तिने तीन आठवडे लोणच्यासारखा मुरवला. बाळाला उघड्या छातीवर ठेवून ऊब द्यायची वेळ आली, तेव्हा सिस्टर म्हणाली की आई किंवा आजी, कुणीही चालेल. हिने बाहेर जाऊन सांगितलं, डॉक्टरांचा हुकूम आहे, आजीच पाहिजे. रोज चार तास. घरी गेल्यावरही चाळीस दिवस, शेजारपाजार बंद. डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. सासूने संशयाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, मीही ऐकलं.

नागपूरचा मे महिना, ब्लाउज उघडून बसायचं, आणि समोर आम्ही सगळ्या. पहिल्याच दिवशी बाळ त्या सुकलेल्या छातीवर तोंड मारायला लागलं.

"आई, भूक लागली त्याले," सून साखरेच्या आवाजात म्हणाली. "पाजा ना."

खोली हसली. सगळ्यात मोठ्याने मी. खोटं कशाला सांगू, पेढा खाल्ल्यासारखं वाटलं. सासूची मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. चारही तास ती बाळाच्या टाळूकडे बघत राहिली.

सुटी झाली त्या दिवशी मी त्यांना ऑटोपर्यंत सोडायला गेले. सासू आधीच आत चढून बसली होती. बाळ छातीशी, वरून शाल, आणि कपाळावरून घामाच्या धारा. सुनेची साडी समोरून ओली झाली होती. तिने शेजारी बसत दोन्ही हात पुढे केले.

"द्या ना, आई. पाजाचं हाये."

"थांब वं, आताच झोपलं," सासू शालीचं टोक आणखी आत खोचत म्हणाली. "चाळीस दिवस मलेच घ्याचं हाये. डॉक्टरनं सांगतलं."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायला मी तोंड उघडेपर्यंत ऑटो सुटला होता. तो वळला तेव्हाही तिचे दोन्ही हात तसेच पुढे होते.