बाबांच्या आधी मी चघळलेली गोळी

मंडळी, शिवाजी पेठेतल्या दातांच्या डॉक्टरांनी आज बाबांसाठी गोळ्या दिल्या. गोळी चघळून थुंकली की जिथं घाण राहिलीय तिथं दात गुलाबी दिसतात.

अर्धांगवायू झाल्यापासून बाबांचे दात मीच घासते. नवं काहीही द्यायला गेलं की त्यांचं एकच, "आधी तू खा की!"

म्हणून आधी मी चघळली, मग त्यांनी. त्यांचे दात जवळजवळ पांढरेच राहिले. माझे हिरड्यांपर्यंत गुलाबी.

"आणि तुझे कोण घासतंय गं?" बाबांनी विचारलं.

मी ब्रशला पेस्ट लावली आणि सवयीनं त्यांच्याच तोंडापुढं धरला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

तुमच्यासाठी असं तोंड मिटून बसणारं कुणी आहे का हो घरात?