अण्णांनी खुडलेली बडीशेप

गेल्या साली आमच्या परसात बडीशेप झाली, खरीखुरी बडीशेप! आणि ती कशी हातची जात होती ते सांगते.

अक्का पहिल्या बाळंतपणाला खालापूरहून भिसेगावला, आमच्याकडे आलेली. बाळंतिणीला दूध यायला बडीशेप हवीच, असं आईचं म्हणणं. पण लढाई चालू, वाण्याकडे डबा रिकामा. म्हणून आईने दिवाळीआधीच, घरात होती तेवढी मूठभर विहिरीजवळच्या वाफ्यात पेरलेली. रोपं काय सुंदर आली! पिसासारखी पानं, आणि संक्रांतीनंतर शेंड्यांवर पिवळ्या फुलांच्या बारक्या बारक्या छत्र्या.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, रोज अंघोळ झाली की तुळशीला पाणी घालतात आणि मंजिऱ्या खुडतात. मंजिऱ्या काढल्या की तुळस फोफावते ना! तर एका सकाळी मी परसात जाऊन बघते, अण्णा बडीशेपेच्या वाफ्यात उभे आणि हातात पिवळ्या छत्र्यांचा ढीग!

"आई, लवकर ये गं!" मी किंचाळलेच.

"वरडतेस काय?" अण्णा भलतेच खुशीत. "आता बघ कशी फोफावतील."

आई पिठाच्या हाताने धावत आली. "अवो, त्यालाच दाणे धरतात! पोरीला काय पाला खाऊ घालू?"

"तुळशीला चालतं की…"

"ही तुळस हाय? आता छाटायचं असंल तर मिशा छाटा सवताच्या!"

अक्का दारात पोट धरून हसत होती. मग वाफ्याकडे बघून म्हणाली, "आई, आता गं?"

नशीब, खोडांना बगलेतून नवे फुटवे आले, त्यांना छत्र्याही आल्या. पण उशिरा! बाळ आधी आलं. मुलगी! अक्काला दूध पुरेना, आणि पोरगी रडून घर डोक्यावर घ्यायची. अण्णा सारखे वाफ्यात जाऊन विचारायचे, "कापू का?"

"नाय. दाणा भरू द्या."

शेवटी एकदा आईने दाणे चिमटीत दाबून बघितले आणि कात्री अण्णांच्याच हातात दिली. "भरल्यात तेवढ्याच कापा. बाकीच्या ऱ्हाऊ द्या."

अण्णांनी एकेक छत्री अशी कापली, जशी काही काचेची! पडवीत सावलीला सुपात वाळवली, उन्हात हिरवा रंग जातो म्हणून. आईने तव्यावर जराशी भाजली, आणि अक्का जेवणानंतर मूठ मूठ चावायला लागली.

चार-पाच दिवसांत पोरगी पोटभर पिऊन दुपारची गाढ झोपली. मी आनंदाने टाळी वाजवणार, तर अण्णांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले.