वहिनीने पुसलेले ढग

आमच्या वहिनीची लॉन्ड्री आहे आणि डाग काढण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. शाई, ग्रीस, गंज, काहीही घेऊन या. डाग दिसला की तिला चैन पडत नाही. घरी जेवायला आलेल्या पाहुण्याच्या कॉलरकडेही ती अशी काही बघते, की बिचाऱ्याचा घास घशात अडकावा.

तिचं दुसरं वेड म्हणजे आकाश. सुट्टी आली की दुर्बीण, कॅमेरा आणि माझा भाऊ, या क्रमाने सगळं गाडीत भरून ती गावाबाहेरच्या टेकडीवर जाते आणि तेजोमेघांचे फोटो काढते. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांमधल्या वायूचे आणि धुळीचे प्रचंड ढग. नुसत्या डोळ्यांना तिथे फारसं काही दिसत नाही. एकाच जागेचे ढीगभर फोटो काढून कॉम्प्युटरवर एकावर एक रचले, की मग तो लालसर ढग हळूहळू वर येतो.

यंदा हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाच्या प्रदर्शनात दारासमोरची मोठी भिंत तिच्या फोटोला मिळाली. त्या भिंतीसाठी ती कित्येक वर्षं झुरत होती. शेजारी मंडळातल्याच एका दातांच्या डॉक्टरांनी काढलेला फोटो होता, त्याच तेजोमेघाचा. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी फोटो टांगून झाले, आणि वहिनी डॉक्टरांच्या फोटोपुढे थांबून हसायला लागली.

"डॉक्टर, लोकांचे दात साफ करता, तुमचा कॅमेरा कोण साफ करणार? केवढे काळे ठिपके राहिलेत! माझ्याही फोटोत अगदी इथेच होते, मी सगळे..."

तिने वळून स्वतःच्या फोटोकडे बघितलं. चेहरा खर्रकन उतरला. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांवर धूळ एकाच जागी कशी बसेल? ते ठिपके कॅमेऱ्यावरचे नव्हतेच, आकाशातले होते. मागचा उजेड अडवणारे काळेकुट्ट ढग! आमच्या बाईसाहेबांनी सवयीप्रमाणे डाग समजून ते कॉम्प्युटरवर पुसून टाकले होते.

"माझा उतरवा," ती मंडळाच्या अध्यक्षांना म्हणाली.

"अहो, कोणाच्या लक्षात येणार आहे?"

"माझ्या आलंय ना. इथे डॉक्टरांचा लावा. मी संध्याकाळपर्यंत नवा आणते, तो कुठल्याही कोपऱ्यात चालेल."

मला असा संताप आला! डॉक्टर तोंडाने "नको, नको" म्हणत होते, पण त्यांची नजर भिंतीवरून हलत नव्हती. वहिनी मात्र मागे वळूनही न बघता निघाली. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून, मूळचे फोटो घेऊन पुन्हा पहिल्यापासून बसली. घाईघाईत स्टुडिओतून वहीएवढी प्रिंट मिळाली, ती जिन्याजवळ लागली.

संध्याकाळी तिथे उभी राहून ती येणाऱ्याजाणाऱ्याला हक्काने थांबवत होती. "जवळ या, लांबून कळणार नाही. हे काळं दिसतंय ना? ही धूळच, पण तिथली. अशा धुळीतूनच पुढे तारे जन्मतात. आणि मी शहाणीने आधी ती पुसून टाकली होती!" लोक हसत होते आणि वाकून बघत होते.

गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, "वहिनी, खरं सांग, वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. दुपारी रडलेसुद्धा, मशिनच्या आवाजात कोणाला कळलं नाही." तिने मोठ्या भिंतीकडे एकवार बघून घेतलं. "मला हवीच होती गं ती. पुढच्या वर्षी घेईन."