डाग देणारी सत्यभामाबाई

सत्यभामाबाई माझी सासू. सेनगावाकडच्या आमच्या गावात तिला समदे डागवाली बाईच म्हणायचे. लेकराला ताप चढून आकडी आली, डोळे फिरले, हातपाय ताठले, की माणसं आमच्या दारात. ती विळ्याचं टोक चुलीत लाल करायची अन् बेंबीजवळ टेकवायची. मंग दात उचकटून कांद्याचा रस तोंडात. पाय आईनंच धरायचे, असा तिचा नेम. थोड्या वेळानं आकडी सुटायची, लेकरू रडायचं, अन् आई हिच्या पाया पडायची. पैसा कधी घेतला न्हाई बाईनं, खोटं काहून बोलू? पण तोंड लई! एखादं लेकरू दगावलं की म्हणायची, "उशिरा आणलं." झालं! दोष आईचा.

पोलीस ॲक्शनच्या दोन वर्षं आधी, माझा मसाजी दीड वर्षाचा होता. हिंगोलीच्या बाजाराला गेलतो, तर बैलगाडीतच त्याला ताप भरला अन् आकडी आली. सासू संगं नव्हती, म्हणून मालकांनी गाडी दवाखान्यापुढं नेली. पोचेस्तोवर आकडी सुटली होती. डाक्टर म्हातारे होते. ताप कवापासून, झटके किती वेळ, एका अंगाला का दोन्ही, आधी कधी आलते का, समदं इचारलं. मसाजीची मान वाकवून छातीला लावून पाहिली. "गर्दन मुड़ती है, अच्छा है, दिमाग का बुखार नै," म्हणले. मंग मला बजावलं, "फिर आया तो बाजू पे सुलाना. कपड़े निकालना. मुंह में कुछ बी नक्को डालना. अपने आप रुकता. नै रुका तो दौड़ के लाना."

घरी येऊन म्या सासूला सांगितलं. ती हसली. "आपोआप थांबती म्हणं! मंग येवढी वर्षं म्या काय गवऱ्या थापल्या?"

महिन्यानं मसाजीला पुन्हा ताप आला. वारं लागंल म्हणून तिनं दार लावलं, लेकराला घोंगडीत गुंडाळलं. दुपारी आकडी आली. विळा चुलीत गेला. "मनकर्णा, पाय धर!" डाक्टरचं बोलणं माझ्या कानात, अन् हात लेकराच्या पायावर. म्या म्हणलं, "आत्याबाई, तोंडात काही घालू नका." "गप!" म्हणली. मी गप बसले. जीभ झडली होती का माझी? रस घशात गेला तसा मसाजीला ठसका लागला, ओठ निळे पडले, अन् पाय माझ्या हातातच ढिले झाले.

मातीला आलेल्या माणसांना ती म्हणली, "आकडीच मोठी होती." म्या विळा विहिरीत टाकला अन् तिच्याशी बोलणं सोडलं.

पुढं द्वारका झाली. ती वर्षाची झाली तो रझाकारांचा उन्हाळा. हिंगोलीचा रस्ता बंद. पोरीला ताप चढला अन् आकडी आली. सासू उठली, सवयीनं कांदा हातात घेतला. "हात लावाल तर याद राखा!" मी अशी वरडले की शेजारीण पळत आली. पोरीला कुशीवर निजवलं, अंगडं काढलं, लाळ वाहू दिली. न्हाई थांबली तर नेऊ कुठं?

मंग झटके बारीक झाले. पोरगी रडली. कोणी काही केलं न्हाई, अन् पोरगी रडली.

सासूनं कांदा खाली ठेवला. "मनकर्णा, मसाजीची बी अशीच थांबली असती का गं?"

"व्हय," म्या म्हणलं. ती भिंतीला टेकून खालीच बसली, तोंडात पदर कोंबून. मला बरं वाटलं, खरं सांगते.

त्यानंतर तिनं कोणाला डाग दिला न्हाई. दारात आलेल्यांना म्हणायची, "कुशीवर निजवा, मनकर्णाला इचारा." लोक म्हणायचे, म्हातारीच्या हाताचं यश गेलं. त्याच दिवाळीत तिनं अंथरूण धरलं. एका सकाळी माझा हात धरून म्हणली, "पाय आईनं धरायचे, हा नेम म्याच केलता. तुझा दोष न्हाई, बाई."

म्या तिला पाणी पाजलं. पदरानं तिचं तोंड पुसलं. नेम तिचा होता, पण आत्याबाई, पाय सोडता आले असते मला.