बसमधला जपानी वर्ग

मोशी गावातल्या आमच्या घरी नात मोबाइलवर जपानी शिकते. फोन एक वाक्य बोलतो, ती त्याच्यामागून म्हणते. परवा तो आवाज ऐकता ऐकता मला महाळुंग्याला जाणारी आमच्या कंपनीची बस आठवली.

सकाळच्या शिफ्टची बस. डिझेलचा आणि डोक्याला चोपडलेल्या तेलाचा वास. कामगारांना जपानी शिकवणाऱ्या साने बाई मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन पुढे बसायच्या. जपानी इंजिनिअरांची वाक्यं त्यांनी मशिनजवळ उभं राहून टेप केली होती. अख्खी बस ती एका सुरात म्हणायची.

"बाई, ड्रायव्हरला तेवढं मराठीत राहू द्या, न्हाईतर बस जपानला जायची!" मागून कुणीतरी ओरडायचं. त्यात सगळ्यांत मोठ्यानं बाई हसायच्या.

बाई कंत्राटावर होत्या. त्यांना कायम करायचं की नाही, हे ठरवायला एकदा मोठे साहेब बसमध्ये बसले.

"ही कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं.

मी ट्रेनिंगचा प्रमुख. "माझी, सर," म्हणालो. आज लिहून ठेवतो, ती बाईंची होती.

"मग नुसत्या कॅसेटवर भागेल ना?"

"भागेल, सर."

तेव्हा ते मला रोजच्या कामातलं एक साधं उत्तर वाटलं होतं. बाई दोन हात लांब बसल्या होत्या.

बस गेटवर थांबली. बाईंनी टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर ठेवला. "एक बाजू संपली की कॅसेट उलटी करा, साहेब," त्या म्हणाल्या. "आणि कोण चुकतंय ते तुम्ही ऐका. याला ऐकू येत नाही."