पहिली बट मामाची

ओदेलू न्हावी तोंडाचा फटकळ. पोचम्माच्या जत्रेत मी त्याच्या शेजारीच नारळ मांडते, म्हणून सगळं ऐकून घ्यावं लागतं. नवसाचं पोर समोर बसलं की तो ओरडणार, "मामा कुठंय? का त्यालाही देवीला वाहून आलात?" आमच्यात पहिली बट मामानं कापायची आणि केस आईनं पदरात झेलायचे. मग भादरलेल्या गोट्याला हळद फासली की सख्खी आईसुद्धा ओळखायला दोनदा बघते.

यंदा गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी रेटारेटीतून एक माणूस आला. खांद्यावर तीनेक वर्षांची पेंगलेली पोर. सोबत बाई नाही.

"उरक लवकर, अण्णा. गोटा करून टाक."

"मामा?"

"मेला."

"मग गावातला कुणी तरी? पाया पडून मामा करून घे की."

"मी बाप आहे ना! भादरतोस की चौकशा करतोस?"

ओदेलू हसला. "बरं बाबा. केस तरी झेल, उपरणं धर."

"पडू देत मातीत."

नवसाचे केस मातीत! ओदेलू वस्तरा दगडावर घासतच बसला. मान न वळवता मला म्हणाला, "अक्का, पोरीला खोबरं दे जरा."

मी तिला हलवून जागं केलं. तिनं त्या माणसाकडं पाहिलं आणि "अम्मा, अम्मा" करून टाहो फोडला.

"कुणाची पोर आहे रे ही?" ओदेलू बोंबलला. त्या माणसानं पोरीला माझ्या अंगावर ढकललं आणि गर्दीत घुसला. चारजण मागं धावले, हात हलवत परत आले.

भोंग्यावरून पुकारा झाला. पोरीची आई धावत आली, ओदेलूच्या पायांवरच कोसळली. "जिंकलास, अण्णा," मी म्हटलं. मला खरंच त्याचा अभिमान वाटला.

तेवढ्यात भोंगा पुन्हा बोलला. चार वर्षांचा मुलगा सकाळपासून सापडत नाही. लांब केस, एक वेणी, लाल रिबीन.

ओदेलूनं बसायचं पोतं उचललं. खालच्या केसांत लाल रिबीन होती.

"त्याच्याबरोबर मामा होता गं," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येईना. "बट त्यानंच कापली. आई कुठंय, ते मी विचारलंच नाही."

तो भोंग्याकडं धावत सुटला. "वेणी सांगू नका! गोटा केलाय त्याचा, हळद लावलीय!"

भोंग्यानं तसं सांगितलं. मुलाची आई संध्याकाळपर्यंत माझ्या नारळांच्या फळीपाशी उभी होती, आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक गोट्याची हळद पदरानं पुसून बघत होती.