राउटर बंद केला, पत्ता मरोद्याचा आला

सगळ्यात आधी कबूल करतो — इथले अनुभव मी तीन वर्षांपासून वाचतोय आणि बहुतेक वेळा हसायला म्हणून वाचतोय. पांढरी साडी, उलटे पाय, हायवेवर लिफ्ट मागणारी बाई... आमच्या घरात असल्या गोष्टींना कधीच थारा नव्हता. बाबा स्टील प्लांटमध्ये पंप ऑपरेटर होते. "मशीन बिघडली तर कारण असतेच. सापडलं नाई म्हंजे तू नीट पाह्यलं नाई," हे ऐकत मी मोठा झालो. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय. तरी लिहितो, कारण आईनं रोज विचारून भंडावून सोडलंय — "टाकलं का तू ते इंटरनेटवर?"

आम्ही भिलाईत स्मृती नगरला राहतो. मूळचे भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीतले. बाबा प्लांटमध्ये लागले आणि आम्ही इथलेच झालो. माझ्या आठवणी सुरू होतात त्या सेक्टर दहाच्या क्वार्टरपासून. बाबा रिटायर झाल्यावर स्मृती नगरात घर बांधलं. घरात आई, बाबा, मी आणि बायको. बायको त्या आठवड्यात माहेरी गोंदियाला होती, तेव्हा तिला साक्षीला धरू नका. तीही म्हणते, मला यात ओढू नका.

दोन वर्षांपासून बाबांचं विसरणं वाढलंय. माणसं विसरतात, जेवलो की नाही ते विसरतात, पण ड्युटी विसरत नाहीत. रोज दुपारी दीड वाजला की अंगात शर्ट, हातात डबा. सेकंड शिफ्ट दोनला लागते ना! आधी आम्ही समजावत बसायचो, मग भांडणं व्हायची. शेवटी आईनंच तोड काढली. ती डब्यात चिवडा नाही तर दोन लाडू भरून देते. बाबा अंगणात दोन चकरा मारतात, पेरूखालच्या बाकावर बसून डबा खातात आणि ड्युटी करून आल्यासारखे खुशीत घरात येतात. फाटकाबाहेर मात्र जाऊ नयेत म्हणून मी फाटकावर वायफायची घंटी बसवली आहे. फाटक उघडलं की माझ्या मोबाइलवर शिट्टी वाजते.

म्हणजे काय, तर घरातलं नेट चालू असेल तरच वाजते. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

मी घरूनच काम करतो, मशीनच्या भागांची ड्रॉइंग बनवतो. त्या दिवशी कंपनीच्या साइटवर घाईघाईत तीन-चारदा चुकीचा पासवर्ड टाकला आणि साइटनं आमच्या घरालाच वाळीत टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — इंटरनेटवर आपल्या घराचा आकड्यांचा एक पत्ता असतो, आयपी अ‍ॅड्रेस. साइटनं तो पत्ता ब्लॉक केला होता. फाइल एवढी मोठी की मोबाइलच्या नेटवर चढेना. उपाय एकच, पत्ता बदलायचा. राउटर बंद करून थोडा वेळ थांबलं की नेटची कंपनी बहुतेक वेळा नवा पत्ता देते. मी तसं केलं, पण जुनाच पत्ता परत आला. मग राउटरच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथं राउटरचा स्वतःचा बारा अक्षरांचा क्रमांक असतो. त्यातली शेवटची दोन अक्षरं मनाला येतील ती हातानं टाकली, सेव्ह केलं आणि राउटर पुन्हा बंद केला. आता वीस मिनिटं हात लावायचा नाही असं ठरवून पाय पसरले.

घड्याळात तेव्हा दीड वाजला होता.

प्लांटच्या गावात वाढलेला माणूस मी! शिफ्ट बदलायच्या वेळेला कोणी शटडाउन घेत नाही, म्हणजे काही बंद करत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी घेतला. त्यात पंख्याखाली मला डुलकी लागली.

उठवलं ते आईनं. "तुह्ये बाबा कुठी हायेत रे?"

"अंगणात असतील."

"नाईत ना! मले वाटलं तुह्याजवळ हायेत. डबा घेऊन गेले ते गेलेच."

फाटक सताड उघडं होतं आणि अडीच वाजले होते.

गल्ली पालथी घातली. देवळात पाहिलं, दुधाच्या बूथवर विचारलं. शेजारचे साहू भैया मोटरसायकल काढून थेट सेक्टर दहाला गेले, कारण सगळ्यांना तेच वाटलं — जुन्या क्वार्टरकडे गेले असतील. तासाभरानं त्यांचा फोन आला. तिथं नाहीत, कोणी पाहिलंही नाही. आई पायरीवर बसून होती. रडत नव्हती, नुसती पदराचं टोक गुंडाळायची आणि सोडायची. मला एकच दिसत होतं — बाबांना रस्ता ओलांडताना आता डावं-उजवं कळत नाही. आणि घंटी मी बंद केली होती, माझ्या हातानं.

पोलिसात द्यायला फोटो हवा होता. बाबांचा चांगला फोटो कॉम्प्युटरवर होता आणि तो पाठवायला नेट हवं. म्हणून मी राउटर चालू केला.

आता नीट वाचा. आपला सध्याचा आयपी कोणता ते सांगणारं एक पान मी सकाळपासून उघडून ठेवलं होतं. त्यावर आकड्यांखाली गावाचं नावही येतं. पण ते अंदाजपंचे असतं. आमच्या घराचं नेहमी रायपूर दाखवायचं, एकदा-दोनदा नागपूर. नेट आलं आणि पान आपोआप ताजं झालं. आकडे नवे होते. आणि खाली गाव — मरोदा.

मी चिडून मोठ्यानंच वाचलं. "आपण कुठं, हे मरोदा दाखवतंय! याला तरी काय कळतं!"

मागून आई म्हणाली, "काय म्हटलं तू?"

"मरोदा."

"मरोद्याले तर पयली ड्युटी होती त्यायची... तलावाकडच्या पंपावर. तू दोन वर्साचा होता तवा बदली झाली, मंग सेक्टर दहात आलो आपण."

मला हे माहीतच नव्हतं. बाबांनी कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. मी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. मी स्कूटीची किल्ली घेतली, ती चपला घालून मागे बसली.

मरोदा आमच्याकडून बरंच लांब, टाउनशिपच्या पार दुसऱ्या टोकाला. वाटेत आई कानाशी रस्ता सांगत होती. चाळीस वर्षांपूर्वीचा रस्ता, त्यामुळे दोनदा चुकलो. शेवटी ते पंपहाऊस सापडलं. कधीचं बंद पडलेलं, दाराला कुलूप, भोवती कमरेएवढं गवत. आणि दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसलेले बाबा, मांडीवर डबा.

आई स्कूटी थांबायच्या आत उतरली.

जवळच्या गेटवरचा गार्ड धावत आला. "दू घंटा ले बइठे हे बाबा," तो म्हणाला. दोन तासांपासून बसलेत म्हणे, ऑटोवाला सोडून गेला. यानंच खुर्ची दिली होती, पाणी पाजलं होतं. मी त्याचे हातच धरले. देव बिव मी मानत नाही, पण त्या खुर्चीला नमस्कार करावासा वाटला.

बाबा मात्र उठेनात.

"चार्ज सोडून कसा येऊ? रिलिव्हर आला नाई अजून."

पंपावरचा नियम असा होता की पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो चार तास उशिरा आला तरी नाही. बाबा घरून निघाले सेकंड शिफ्टला, पण तिथं पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात फर्स्ट शिफ्ट संपून गेली होती. त्यांच्या हिशेबानं ते पहाटेपासून तिथं होते आणि दोनचा रिलिव्हर दांडी मारून बसला होता.

आईनं हात धरला तर उलट तिलाच दटावलं. "तुले कोनं येऊ देल्लं इथं? लेडीज अलाऊड नाई." आई एवढ्या टेन्शनमध्येही फिस्सकन हसली.

मग मला सुचलं. थोडा मागे गेलो, केसांवरून हात फिरवला आणि पुन्हा समोर येऊन उभा राहिलो.

"राम राम भाऊ. माफ करजा, सायकल पंक्चर झाली. मी तुमचा रिलिव्हर. द्या चार्ज."

बाबांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "नवा हायेस का?"

"हो. आजच लागलो."

"कावून एवढा उशीर? पयल्याच दिवशी असा करून राहिला तर कसं होईन?" असं बरंच बोलले. मग आवाज खाली आणून कामाचं सांगितलं. "दोन नंबरच्या पंपाकडं कान ठेवजो. दम लागल्यासारखा आवाज आला का बंद करून देजो. कोनाले विचारत बसू नोको." लॉगबुक मागितलं. मी डिकीतल्या विजेच्या बिलाची मागची बाजू पुढं केली. त्यावर त्यांनी वेळ लिहिली, दोन वाजता, आणि सही केली. घरातल्या कागदांवर आता त्यांना सही जमत नाही. ही मात्र सुरेख आली.

आता तुमचे प्रश्न. स्क्रीनशॉट? नाही घेतला. बाप हरवलेला असताना कोण घेतो. वाचण्यात चूक? मग आईला मी मरोदा हाच शब्द का वाचून दाखवला असता? तो तर माझ्या डोक्यातही नव्हता. नेट लावणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, ही पानं मोठ्या शहराचं नाव देतात, आमच्या यादीत मरोदा नाहीच. त्यानंतर मी राउटर कितीदा तरी बंद-चालू केला, क्रमांकाची तीच दोन अक्षरं पुन्हा टाकून पाहिली. रायपूर, रायपूर, एकदा बिलासपूर. मरोदा पुन्हा कधीच आलं नाही. आई राउटरला हळद-कुंकू लावून मोकळी झाली. मी काही मोकळा झालो नाही. कारण शोधतोय, सापडलेलं नाही. कोणाला ठाऊक असेल तर खाली जरूर लिहा.

आणि एक राहिलंच. चार्ज देऊन झाल्यावर बाबा उठले, डबा उचलला आणि दोन पावलं जाऊन परत फिरले. मला वाटलं पंपाचंच काही राहिलं असेल. माझे बाबा कडक माणूस. त्यांनी मला जवळ घेतल्याचं, लाड केल्याचं मला एकदाही आठवत नाही. मी ते कधीचं सोडून दिलं होतं, चाळिशीत कोण असल्या गोष्टी धरून बसतो.

ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "रागावलो म्हून वाईट नोको वाटून घेऊ भाऊ. घरी लहान पोट्टं हाये माहं. मी गेल्याबिगर झोपत नाई थे. वाट पाहून राह्यलं असन."

आईनं तोंडाला पदर लावला.

"जा भाऊ," मी म्हटलं. "जागंच आहे ते."